तिकडं दिवसभर करायचीस काय?

परत आल्यापासून हा प्रश्न मला चर्चच्या मंडळीतल्या काकूंनी विचारला, शेजारच्या भाभींनी विचारला, कॉलेजच्या मैत्रिणींनीही विचारला. "दोन वर्षं मिशनरी म्हणून आफ्रिकेत राहिलीस, तर तिकडं दिवसभर करायचीस काय?" काही जणांच्या मनात त्यामागे दुसराच प्रश्न असतो: किती लोक ख्रिस्ती केलेस? आधी त्याचंच उत्तर देते. एकालाही नाही. टांझानियातल्या डोडोमा भागातल्या ज्या खेड्यात मी होते, तिथं चर्च पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या मुलखात, म्प्वाप्वा इथं, इंग्रज मिशनरी १८७० च्या दशकातच पोचले होते. मला बोलावलं ते तिथल्या मंडळीनं, संडे स्कूल आणि बायकांच्या सभेला हातभार लावण्यासाठी. जालन्याच्या आमच्या मंडळीनं वर्गणी काढून मला पाठवलं, तेव्हा मी बावीस वर्षांची होते.

दिवस सुरू व्हायचा पाण्यानं. पहाटे पाचला प्रार्थना, आणि लगेच वीस लिटरचे पिवळे कॅन घेऊन बोअरवेलवर. मे ते नोव्हेंबर तिथं जवळजवळ पाऊसच नसतो. बोअरवेल बंद पडली की बायका कोरड्या नदीच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. मी पहिल्यांदा ते पाहिलं आणि तोंडातून निघालं, "हा तर झिरा!" २०१३ च्या उन्हाळ्यात मी सहावीत होते. जालन्यात मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, त्या वर्षी मामाच्या गावी आम्ही असंच झिऱ्यावर बसून हंडा भरायचो. माझी सोबतीण युगांडातल्या हिरव्यागार भागातली, तिला ते सगळं बघून रडू आलं. मला वाळूत कुठं उकरायचं ते कळत होतं. दोन वर्षांत तिथल्या बायकांचा माझ्यावर जो विश्वास बसला, त्याची सुरुवात त्या खड्ड्यापाशी झाली, माझ्या प्रार्थनांपाशी नाही, असं मला मनापासून वाटतं.

भाषेची मला फार भीती होती. पण स्वाहिलीत पुस्तकाला किताबू म्हणतात, पेनाला कलामू, हिशेबाला हेसाबू, औषधाला दावा, साबणाला साबूनी आणि दुकानाला दूका. निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्यात, उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या अंगणात वाढलेल्या मुलीला यात परकं काय वाटणार? अरबी व्यापाऱ्यांनी जे शब्द आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेले, त्यांचीच भावंडं फारसीतून आपल्याकडे आलेली. पाळकाला म्चुंगाजी म्हणतात, म्हणजे गुरं राखणारा. त्या भागातले गोगो लोक गुराढोरांचे, त्यामुळे तिथं हा शब्द अजून जिवंत आहे. आमचे म्चुंगाजी रविवारी उपदेश करायचे आणि सोमवारी खरोखरच गाई घेऊन रानात जायचे.

घड्याळानं मात्र मला फसवलं. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले की 'सा मोजा', म्हणजे पहिला तास. पहिल्याच महिन्यात एका घरी बाळाच्या मातीला 'सा तातू'ला या, असं सांगितलं होतं. तातू म्हणजे तीन, म्हणून मी दुपारी तीनला गेले. माती सकाळी नऊलाच झाली होती. त्या आईसमोर उभी राहिले तेव्हा मला एक शब्द सुचला नाही. तिनंच सरकून चटईवर जागा करून दिली. रविवारी आजीला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, ते सूर्यावर चालत्यात. आपल्याकडं नाही का, दिवस कासराभर वर आला म्हणत?" जे मला महिनाभर उमगलं नव्हतं ते तिला जागच्या जागी कळलं.

त्या चटईनंच मला माझं काम दाखवलं. सकाळी थोडा अभ्यास, आठवड्यातून एकदा बायकांची सभा, शनिवारी मुलांची गाणी बसवणं, एवढं सोडलं तर बाकीचा दिवस घरोघरी जाऊन बसण्यात जायचा. दारात उभं राहून "होडी!" म्हणजे 'येऊ का' म्हणायचं, आतून "करीबू!" म्हणजे 'या' आलं की आत जायचं. मग भुईमूग सोलायचे, म्लेंडा निवडायचा. म्लेंडा म्हणजे रानातली भेंडीसारखी चिकट पालेभाजी, वाळवून वर्षभर ठेवतात. कुणाच्या मुलाचा मेसेज वाचून दाखवायचा, कुणा गरोदर बाईसोबत दवाखान्यापर्यंत चालायचं. बायबल रोज उघडलं जायचंच असं नाही. उघडलं तर बहुतेक वेळा त्या घरातल्या म्हातारीनं सांगितलं म्हणून, आणि वाचलेल्याचा अर्थही तीच मला सांगायची. सुरुवातीला वहीत 'आज काहीच काम झालं नाही' असं मी कितीतरी वेळा लिहिलंय. आज ती पानं वाचवत नाहीत.

फोटोंबद्दलही एक सांगते, कारण तेही विचारलं जातं. उघड्या अंगाच्या मुलांमध्ये मी उभी आहे, असा फोटो मी कुणाला पाठवला नाही. मागणी झाली, एकदा इकडून जरा रागावूनही झाली. पण आमच्या घरी पणजीच्या आईपासूनची आठवण आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं, त्याला जमीन निजाम सरकारनं दिली. तिथं पणजीची आई अक्षरं शिकली. लोकांनी आपल्याकडे दयेनं पाहिलं की कसं वाटतं, हे ती लेकीला सांगून गेली आणि ते आमच्यापर्यंत आलं. मग मीच परक्याच्या लेकराचं दारिद्र्य टिपून पाठवायचं?

जेवायला रोज उगाली, म्हणजे पाण्यात घट्ट शिजवलेलं पीठ, मक्याचं नाहीतर म्तामाचं. म्तामा म्हणजे ज्वारी. एका दुपारी मी म्तामाचं पीठ गरम पाण्यात मळलं आणि परातीत भाकरी थापायला घेतली. सात-आठ बायका भोवती जमल्या. पिठाला चिकाटी नव्हती, पहिल्या दोन मोडल्या, तिसरी फुगली तेव्हा त्यांनी आनंदानं जो आवाज काढला तो अजून कानात आहे. ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही पिकं हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा शेजारची म्हातारी बीबी म्हणाली, "म्हणजे आमचं दाणं तू परत घेऊन आलीस."

तिथं मोठ्या माणसाला धाकट्यानं "शिकामो" म्हणायचं असतं. मी तुमचे पाय धरते, असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. मोठ्यांनी त्यावर "मराहाबा" म्हणायचं. आजीला हे फार आवडलं. आमच्यात अडीच तासांचा फरक, रविवारी तिथं सहा वाजले की इकडं साडेआठ. फोन लागला की मी "शिकामो, आजी" म्हणायची आणि ती ठसक्यात "मराहाबा" म्हणायची. मग "जय ख्रिस्त", मग जेवलीस का.

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आजी गेली. दुसऱ्या दिवशी माती होती, पोचणं शक्यच नव्हतं. मी कुणाला बोलावलं नाही. सोबतिणीनं म्चुंगाजींना सांगितलं असावं. तासाभरात आमच्या खोलीपुढं चटया पडल्या. म्सीबा म्हणतात तिथं मयताला, आपल्या मुसीबतीचाच शब्द. ज्या बायकांच्या घरी मी बसायला जायचे त्या सगळ्या आल्या. "पोले, पोले सना" एवढंच म्हणायच्या आणि बसायच्या. कुणी माझं पाणी भरून आणलं, कुणी चूल पेटवली. तीन रात्री त्या तिथंच अंगणात निजल्या. ज्यांना मीठ विकत घेताना विचार करावा लागतो, त्यांनी आपसात पैसे जमवून माझ्या हातात दिले. बाळाच्या मातीला जिच्याकडे मी उशिरा पोचले होते, ती पहिल्या रात्रीपासून माझ्या उशाशी होती. तिनं सांत्वनाचं एकही वचन म्हटलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून ती पहाटेपर्यंत जागी राहिली.

जालन्याला उतरले त्या संध्याकाळी आईबरोबर कब्रस्तानात गेले. आजीच्या कबरीवर नवा क्रूस लावला होता, त्यावरची धूळ आईनं पदरानं पुसली. मी खाली बसले, मातीला हात लावला आणि म्हणाले, "शिकामो, आजी."

आईनं विचारलं, "काय म्हणालीस?"

मी तिला अर्थ सांगितला. मग आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिलो.