व्हीवननंतरचा हात

मामा सहज म्हणाले, "आदळलं तर पुन्हा लावायचं. सिम्युलेटरच ना तो?" घरातल्या विमानाच्या सिम्युलेटरबद्दल बोलत होते. दुपारपासून तेच डोक्यात आहे. चुकीचं काही बोलले नाहीत, तरी लागलं.

व्हीवन म्हणजे उड्डाण रद्द करता येईल असा शेवटचा वेग. तो आला की इंजिनाच्या जोराच्या लिव्हरवरून हात काढायचा असतो. माझा तो निघता निघत नाही. का, ते लिहून बघते.

नाशिकजवळच्या ओझर विमानतळाची धावपट्टी 3,000 मीटर, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. मे महिन्यात पारा 39 वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या हिशेबी धावपट्टी 5,000 फुटांच्याही वर जाते. इंजिनांचा जोर घटतो आणि तेवढीच उचल मिळवायला जमिनीवर जास्त वेगाने पळावं लागतं. बोइंगचं ट्रिपल सेव्हन 300 ईआर पूर्ण 351 टनांनी भरून दुपारी इथून निघायचं नावच काढू नये. इंधन उतरवायचं, पंखांचे फ्लॅप 15 वर, नाकाचा तोल धरणारा ट्रिम हिरव्या पट्ट्यात.

आधी 55 टक्के एन-वन, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा वेग. दोन्ही इंजिनं सारखी होईपर्यंत थांबायचं, नाहीतर एक पुढे पळतं आणि नाक वळतं. मग टोगा, म्हणजे उड्डाणाचा जोर लावणारं बटण. इथे पडद्यावरची लिव्हर आपोआप पुढे जाते, माझ्या टेबलावरची खरी लिव्हर मात्र अर्ध्यावरच राहते. 80 नॉटला पडद्यावर 'होल्ड' दिसतं, जोर आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रॉटल लिव्हर सोडून देतो, आणि टेबलावरची जरा थरथरली तरी जोर धाडकन अर्ध्यावर येऊ शकतो. म्हणून 80 च्या आतच ती पुढे नेऊन जुळवायची.

म्हणजे 80 ते व्हीवन ती लिव्हर फक्त हाताची. इंजिन गेलं, आग लागली तर मागे ओढायची. ऑटोब्रेक आरटीओवर, म्हणजे रद्द केलेल्या उड्डाणाच्या सेटिंगवर, असला की ब्रेक तोच लावतो. व्हीवन झालं की हात बाजूला, ओढायचा मोहच नको. वेग दुप्पट तर थोपवायची ऊर्जा चौपट. तिचा बराचसा भाग ब्रेकमध्ये जातो, चाकं इतकी तापतात की टायरमधला दाब सोडणारे प्लग वितळतात. उरलेल्या धावपट्टीत ते भागत नाही.

घरात हे कुणाला सांगावं? कुणी विचारतच नाही.

हात काढायचा म्हणजे वजन, वारा, तापमान यांचा आधी मांडलेला हिशेब खरा मानायचा. तेच जड जातं. पुन्हा लावलं म्हणून तो हिशेब बदलत नाही, हे मामांना सांगायला हवं होतं. पुढे रोटेट, म्हणजे नाक उचलणं, सेकंदाला 2 ते 2.5 अंश. विमान उठत नाही असं वाटून जास्त ओढलं की साधारण 9 ते 10 अंशांवर शेपूट घासते. तिथेही हातालाच धीर लागतो.

पण खरं सांगायचं तर पुन्हा लावता येतं म्हणूनच व्हीवनच्या एक सेकंद आधी आणि एक सेकंद नंतर इंजिन बंद करून दोन्ही बघता येतात. मामांचं तेवढं बरोबर. हात न निघणं हेही राहू दे. जड जातंय तोवर मी हिशेब नीट मांडीन.

आता धावपट्टी 27 वरून, म्हणजे पश्चिमेकडे उडून, बघायचंय. एका इंजिनावर किमान चढ 2.4 टक्के, म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर 2.4 मीटर वर, आणि त्या दिशेला रामशेजचा डोंगरी किल्ला. वजन आणखी किती काढावं लागेल, ते आधी कागदावर.