तिकीट न काढता डिस्ने: फोर्ट वाइल्डरनेसमधला आरव्हीचा मुक्काम

फोर्ट वाइल्डरनेसच्या दारात आमची पंचवीस फुटी आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, लागली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ही वेळ ठरवून गाठलेली. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या या कॅम्पग्राउंडवर आरव्हीच्या जागा दुपारी १ पासून मिळतात आणि निघण्याच्या दिवशी सकाळी ११ ला सोडाव्या लागतात. चार रात्री घेतल्या की हातात तीन पूर्ण दिवस उरतात. त्यातले दोन आम्ही थीम पार्कचं तिकीट न काढता कॅम्पग्राउंडलाच दिले, आणि लहान मुलं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हेच सांगतो. इथे येऊन रोज सकाळी आठला पार्ककडे पळायचं असेल, तर एवढी मोठी गाडी चालवत आणण्याचा खटाटोप कशाला करायचा?

मॅजिक किंगडम हा इथला थीम पार्क १ ऑक्टोबर १९७१ ला उघडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात हे कॅम्पग्राउंड. सुमारे ७५० एकरांचं पाइन आणि सायप्रसचं जंगल, एका टोकाला बे लेक हे तळं. जागा ‘लूप’मध्ये वाटलेल्या आहेत, म्हणजे मुख्य रस्त्यावरून आत वळून परत तिथेच येणारे गोल रस्ते. जागेच्या क्रमांकातल्या शंभराच्या आकड्यावरून लूप कळतो: ३२५ ही जागा ३०० च्या लूपवर. प्रवेशाजवळचा भाग आउटपोस्ट, मधला मेडो आणि तळ्याकाठचा सेटलमेंट. या दोन टोकांत मैलाहून जास्त अंतर आहे, त्यामुळे जागा मागताना नीट विचार करा. मुलं लहान असतील तर मेडोजवळची मागावी, कारण मोठा पोहण्याचा तलाव, दुकान आणि रात्रीची शेकोटी तिथेच आहे. मॅजिक किंगडमला बोटीने जायचं असेल तर १००, २००, ३०० हे लूप बरे, बोटीचा धक्का चालत गाठता येतो. मागितलेली जागा मिळेलच असं नाही, पण बुकिंगच्या वेळी नोंद मात्र जरूर करावी. एका जागेवर १० माणसं चालतात. आजी-आजोबांसकट दोन कुटुंबं असतील तर एक आरव्ही आणि शेजारी एक तंबू असा बेत करता येतो, फक्त तो बुकिंगच्या वेळीच सांगून मंजूर करून घ्यावा.

जागेवर पोहोचल्यावर पहिला तास फार महत्त्वाचा. बहुतेक बिघाड तेव्हाच्या घाईतून होतात. इथे गाडी मागे घेत लावायची असते. आधी खाली उतरा आणि वर बघा, कारण झाडांच्या फांद्या खाली आलेल्या असतात आणि छतावरचा एसी हा गाडीचा सर्वात उंच भाग असतो. एकाने चालकाच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यापाशी, आरशात दिसेल असं उभं राहावं. वीज-पाण्याच्या जोडण्या त्याच बाजूला असतात. वळताना गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, तो खांबाला लागू नये याकडे त्याने लक्ष ठेवावं.

मग पाणसळ. गाडी समतल हवी ती झोप नीट लागावी म्हणून, आणि त्याहून जास्त फ्रिजसाठी. भाड्याच्या आरव्हीत बऱ्याचदा गॅसवर आणि विजेवर दोन्हींवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज असतो. त्यात अमोनियाचं द्रावण उतारावरून आपोआप फिरतं. गाडी फार कलली तर ते अडतं, फ्रिज थंड होत नाही आणि आतली यंत्रणा कायमची खराब होऊ शकते. फ्रिजच्या तळावर छोटी पाणसळ ठेवून बघा आणि खालच्या बाजूच्या चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे सरकवा. हा फ्रिज थंड व्हायला ८ ते १२ तास घेतो, हेही लक्षात असू द्या. दूध-दही-पनीर आधीपासून गार असलेलंच भरावं. दुकानातून आणलेल्या पाण्याच्या गरम बाटल्या आत कोंबल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी दूध नासलेलं मिळतं.

गाडी समतल झाली की वीज. जागेवरच्या खांबावर २०, ३० आणि ५० अँपिअरचे वेगवेगळे सॉकेट असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र ब्रेकर. ब्रेकर बंद करायचा, सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर गाडी वाचवणारं उपकरण) लावायचा, त्यात गाडीची केबल, आणि मगच ब्रेकर चालू. चालू ब्रेकरवर प्लग खुपसला तर ठिणगी पडून पिना जळतात. पुढच्या वेळी त्याच जळक्या पिना तापतात आणि प्लग वितळतो. २५ फुटी गाडी सहसा ३० अँपिअरची असते. १२० व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ३,६०० वॉट, इतकाच तुमचा सगळा हिशेब. छतावरचा एसी चालू असताना १२ ते १५ अँपिअर खातो, मायक्रोवेव्ह १२-१३. फ्रिज विजेवर आणि बॅटरीचं चार्जिंग धरलं की एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावताच ब्रेकर पडतो. त्यात कोणी केस वाळवायचं यंत्र लावलं तर पडणारच. यावर साधी युक्ती आहे. खांबावरच्या २० अँपिअरच्या सॉकेटचा ब्रेकर वेगळा असतो. बाहेरच्या वापराची जाड वायर घेऊन इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा कुकर, त्यावर बाहेरच्या टेबलावर लावायचा. खिचडी बाहेर शिजते आणि आत एसी चालू राहतो. पावसात मात्र ते सॉकेट ओल लागताच आपोआप बंद पडतं. ते संरक्षण आहे, सारखं सारखं रीसेट करत बसू नये.

पाण्याला पिण्याच्या पाण्यासाठीचाच पांढरा पाइप वापरावा. नळ आधी १०-१५ सेकंद सोडून द्यावा, मग पाण्याचा दाब आवरणारा प्रेशर रेग्युलेटर नळालाच लावावा, गाडीच्या टोकाला नको. नळाला लावला तर गाडीबरोबर पाइपही वाचतो. ४० ते ५० पीएसआय दाब पुरे. गाडीला पाण्याची दोन तोंडं असतात: एक थेट जोडणीचं, एक टाकी भरण्याचं. पहिल्यांदा येणारे हमखास चुकून टाकीच्या तोंडाला पाइप लावतात आणि थोड्या वेळाने गाडीखालून पाणी वाहू लागतं. थेट जोडणी झाली की आतला पंप बंद ठेवा. गरम पाण्याचा नळ उघडून फुसफुस थांबेपर्यंत वाहू द्या आणि त्यानंतरच हीटर लावा. रिकाम्या टाकीत विजेवरचा हीटर चालू केला तर कॉइल क्षणात जळते. गरम पाण्याची टाकी जेमतेम ६ गॅलनची, म्हणजे २३ लिटरच्या आसपास. पाच जणांच्या आंघोळी त्यात होत नाहीत. जवळचं कम्फर्ट स्टेशन वापरावं. तिथे शॉवर, कपडे धुण्याची यंत्रं आणि बर्फ असतो, आणि आतली हवा थंड असते. फ्लोरिडाच्या दमट दुपारी हे फार मोठं सुख आहे.

आता मैल्याची टाकी. या विषयावर लोक कुजबुजत बोलतात म्हणून चुकाही जास्त होतात. संडासाची ती काळी टाकी आणि सिंक-शॉवरची करडी, अशा दोन वेगळ्या टाक्या असतात. जागेवर गटाराची जोडणी आहे म्हणून काळ्या टाकीची झडप उघडी ठेवायची नाही, कधीच नाही. उघडी राहिली तर पाणी निघून जातं आणि घन मैला खाली साचून त्याचा घट्ट ढीग होतो. मग टाकी भाड्याच्या कंपनीलाही सहज साफ करता येत नाही. सुरुवातीलाच टाकीत दोन-तीन गॅलन पाणी सोडा, विरघळणाराच कागद वापरा, आणि दोन तृतीयांश भरल्यावर झडप पूर्ण उघडून एका झटक्यात रिकामी करा. आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. पाइप गटाराकडे सलग उतारावर हवा, मध्ये झोळ पडला की तिथे मैला अडतो. आपल्याकडे पाण्याचा वापर जास्त, त्यामुळे काळी टाकी लवकर भरते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जास्त पाणी या टाकीला हितकारकच असतं. संडासात टमरेल ठेवा, बिनधास्त वापरा, आणि दर दोन दिवसांनी टाकी रिकामी करा.

करड्या टाकीचा शत्रू म्हणजे आपलं खरकटं. चहाचा चोथा, भाताची शितं आणि फोडणीचं तेल. तेल आत थिजतं, त्यावर शितं चिकटतात आणि तिसऱ्या दिवशी सिंकमधून वास येतो. सिंकवर बारीक जाळी ठेवा, तेलकट भांडी आधी कागदाने पुसा, चोथा कचऱ्यात टाका. फोडणी आत करूच नका. धुराचा अलार्म चुलीपासून हातभर अंतरावर असतो, मोहरी तडतडून मिरची पडली की तो किंचाळतो. शिवाय हिंगाचा वास गाद्यांत बसतो, आणि भाड्याची गाडी परत करताना साफसफाईचे जादा पैसे लागू शकतात. एका बर्नरची ब्युटेनची शेगडी बाहेरच्या टेबलावर ठेवून पोह्यांची फोडणी तिथेच द्यावी.

प्रत्येक जागेवर कोळशाची ग्रिल असते आणि तिचं सोनं करायचं तर भरीत करावं. जाळीवर आधी फॉइल घालू नका, त्याने धुराची चव जाते. जाळी तारेच्या ब्रशने घासा, कोळसे पांढरे पडू द्या, वांग्याला टोचे मारून तेलाचा हात फिरवा आणि अर्धा तास फिरवत भाजा. कणसं त्याच निखाऱ्यावर होतात. रात्री मात्र काहीही बाहेर ठेवू नका. रॅकून येतात, आणि फ्लोरिडातल्या लाल मुंग्या पाइप-केबलवरून गाडीत चढतात. त्या चावल्यावर फोड येतात, म्हणून गवतात अनवाणी चालणं टाळावं. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

आता मुलांच्या आनंदाकडे. आमच्या मते इथली सर्वात मोठी गोष्ट कोणताही कार्यक्रम नाही, तर मोकळे रस्ते. गाडी एकदा लावली की आत फिरायला ती वापरायची नसते. चालणं, सायकल, आतली बस किंवा गोल्फ कार्ट. त्यामुळे आठ-दहा वर्षांची मुलं लूपमध्ये सायकलवर सुटतात, तशी सोसायटीच्या आवारात आपण कधीकाळी सुटायचो. सायकली घरून आणणं उत्तम. गोल्फ कार्ट लवकर संपतात, जागेबरोबरच आरक्षित कराव्यात. ती रात्री जागेवरच चार्ज करायची असते. ऑक्टोबरात आणि डिसेंबरात आलात तर लोकांनी सजवलेल्या कार्ट आणि दिव्यांनी उजळलेले लूप बघत संध्याकाळ सहज जाते.

मेडोमध्ये चिप आणि डेल या डिस्नेच्या कार्टूनमधल्या खारींची शेकोटी असते. ती विनामूल्य आहे, पार्कचं तिकीट लागत नाही. आधी गाणी, मग उघड्यावर सिनेमा. अर्धा तास आधी पोहोचून पुढच्या बाकांवर बसा, कारण खारी तिथेच मुलांपाशी येतात. मार्शमेलोचा संच तिथे विकत मिळतो, पण नेहमीच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं. शाकाहारी कुटुंबांनी जिलेटिन नसलेले आधीच किराणा दुकानातून घ्यावेत, कॅम्पग्राउंडच्या दुकानाच्या भरवशावर राहू नये. सोबत बसायला चादर आणि डासांचं मलम.

सेटलमेंटला ट्राय-सर्कल-डी रँच आहे. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर गाडी ओढणारे घोडे इथेच राहतात. तबेला बघायला पैसे पडत नाहीत. लहान मुलांना पोनीवर बसवता येतं, लगाम आई-बाबांनी धरून चालायचं असतं. मोठ्यांसाठी जंगलातली घोड्यावरची फेरी आहे, तिला किमान ९ वर्षं वय आणि ४८ इंच उंची लागते. बंद बूट आणि पूर्ण पँट घालून जा. जवळच्या पायोनियर हॉलमध्ये हूप-डी-डू हा गाण्या-नाचाचा जेवणाचा कार्यक्रम १९७४ पासून चालू आहे. जेवण चिकन आणि रिब्जचं असतं, शाकाहारी ताट आरक्षणाच्या वेळीच सांगून ठेवावं.

रात्री सेटलमेंटच्या किनाऱ्यावर बसलं की मॅजिक किंगडमची आतषबाजी तळ्यापलीकडे दिसते, आणि दिव्यांच्या तराफ्यांची मिरवणूक पाण्यावरून समोरून जाते. ही मिरवणूकही १९७१ पासूनची. तळ्यात मात्र पाय घालायचा नाही, पाण्यात मगरी असतात. तिथल्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. रात्री १० ते सकाळी ७ शांतता पाळायची असते.

हवेबद्दल थोडकं: जून ते सप्टेंबर रोज दुपारी विजांसह पाऊस येऊ शकतो आणि वीज चमकली की पोहण्याच्या तलावातून सगळ्यांना बाहेर काढतात. पोहणं सकाळीच उरका. बाहेर जाताना गाडीची छत्री, म्हणजे ऑनिंग, गुंडाळून जा. वाऱ्याच्या एका झोताने तिचे दांडे वाकतात आणि दुरुस्तीचा खर्च अनामत रकमेतून कापला जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची, पण रात्री गारठा पडतो, पांघरुणं घ्या.

निघायच्या सकाळी नऊलाच सुरुवात करावी, अकराच्या घाईत काहीतरी राहतंच. आधी काळी टाकी, मग करडी, पाइप धुऊन वेगळ्या डब्यात. हातमोजे टाकून हात साबणाने धुतल्यावरच पिण्याच्या पाण्याचा पाइप सोडा. हा क्रम उलटा करू नका. मग ब्रेकर बंद करून केबल, मग गॅस बंद, छताच्या खिडक्या बंद, फ्रिजचं दार अडकवलेलं, पायरी आत. शेवटी एकाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारावी आणि दुसऱ्याने पुन्हा एक. चाकांखालचे ठोकळे बहुतेक दुसऱ्याच फेरीत दिसतात.