ओले अल्बम

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण झालं होतं. पुरणाच्या जेवणाने जडावून घरोघरी पाहुणे झोपले होते. मध्यरात्रीनंतर विजा कडाडायला लागल्या आणि नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, अंबाझरी लेआउट इथले लोक अंधारात जागे झाले तेव्हा पलंग तरंगत होते. तलावाच्या सांडव्यापुढचं बांधकाम, नदीची अडलेली वाट, हे सगळं पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं.

मी लग्नाचे फोटो काढतो. राहतो मानेवाड्याला, आमच्याकडे पाणी आलं नाही. त्या दिवशी कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून निघालो आणि मोरभवन बसस्थानकावर पाण्यात उभ्या असलेल्या बसेस टिपल्या. ते फोटो इथे टाकत नाही. तसे सगळ्यांनीच काढलेत, बातम्यांतही येऊन गेलेत. पुराचा फोटो म्हटला की बोट पाहिजे, दोर पाहिजे, गळ्यापर्यंत पाणी पाहिजे. पाणी उतरलं की कॅमेरेही उतरतात. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. कॉर्पोरेशन कॉलनीत प्रत्येक फाटकाबाहेर अख्खं घर येऊन पडलेलं. पाणी पिऊन दगडासारख्या जड झालेल्या गाद्या, आडवा फ्रीज, कंपाउंडच्या भिंतीवर दगड ठेवून वाळत घातलेली दहावीची पुस्तकं. गटाराचा वास असलेला बारीक गाळ, पाय टाकला की घोट्यापर्यंत. खराट्यांचा आवाज सगळीकडून येत होता. एका अंगणात दोरीवर दोन भरजरी साड्या वाळत होत्या, एक हिरवी, एक लाल. मी थांबलो तशी आतून काकूंनी विचारलं, "फोटो काढून राहिले का जी?"

मी म्हटलं, "तुम्ही हो म्हणाल तर."

"काढा न. महालक्ष्म्यांच्या आहेत त्या."

मग त्यांनीच सांगितलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा मुलाने आधी मुखवटे उचलले आणि वरच्या भाडेकरूंकडे नेऊन ठेवले. स्टँड, महालक्ष्म्यांपुढच्या लेकरांच्या मूर्ती, साड्या खालीच राहिलं. त्या दिवशी महालक्ष्म्या उठवायच्या होत्या. काकूंनी वरच्या मजल्यावर, दुसऱ्याच्या टेबलावर, ओल्या साडीने मुखवट्यांवर अक्षता टाकल्या. "पुढच्या वर्षी या म्हटलं. म्हणावंच लागते न."

त्या साड्यांच्या फोटोत पाणी कुठेच नाही. काठाच्या जरीत अडकलेला गाळ तेवढा दिसतो.

पंचनाम्यासाठी लोक मला बोलवायला लागले. सरकारने घरामागे दहा हजारांची तातडीची मदत जाहीर केली होती आणि कागदांसोबत फोटो असला तर बरं, असं सगळ्यांचं म्हणणं. प्रत्येक भिंतीवर पाण्याची मातकट रेघ होती, कुठे कमरेला, कुठे छातीला. उंची कळावी म्हणून बाजूला घरचं कोणीतरी उभं करायचं. एका आजोबांना म्हटलं, इथे उभे राहा. ते आत गेले. बराच वेळ आलेच नाहीत. आले ते वरच्या खुंटीवर वाचलेला एकुलता एक पांढरा सदरा घालून, केसांना पाणी लावून, भांग पाडून. "फोटो आहे न जी. बनियनवर काहून काढायचा?" रेघ त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटनावर आली. इतक्या वर्षांच्या लग्नांत इतका सरळ उभा राहिलेला माणूस मी पाहिला नाही.

माझे बाबाही फोटोग्राफर होते. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात आपल्याच जिल्ह्यातलं मोवाड बुडालं, २०४ जीव गेले. काही दिवसांनी बाबा तिथे गेले होते. ते म्हणायचे, पूर पाहिलेल्या माणसाला विचारल्याशिवाय बटन दाबायचं नाही. आणि त्याचे जुने फोटो वाचवता आले तर आधी ते वाचवायचे, नवे नंतर.

काकूंच्या अंगणात कचऱ्याच्या ढिगावर लग्नाचा अल्बम पडला होता, १९८८चा. पानं चिकटून वीट झालेली. मी तो मागून घेतला. कोरडं करून ओढायला गेलं की चित्र फाटून समोरच्या पानावर जातं, म्हणून आधी गार, स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायचा. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. घाण पाण्यातले जंतू तोच खातात, मग रंग कडेपासून पिवळे-लाल होऊन वाहतात. जुना कृष्णधवल फोटो जास्त तग धरतो, त्यात चांदी असते. बोटाने चित्र घासायचं नाही, फक्त पाणी बदलत राहायचं. सुटला की सुती चादरीवर, चित्र वर करून, पंख्याखाली ठेवायचा. उन्हात नाही. लगेच जमत नसेल तर प्लास्टिकमध्ये घालून फ्रीजरमध्ये. २०११च्या त्सुनामीनंतर जपानात स्वयंसेवकांनी असेच ढिगाने फोटो धुतले होते.

गल्लीतून आणखी सहा अल्बम आले. स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती, लग्नसराई नव्हती म्हणून निभलं. काकूंच्या अल्बममधले एकतीस फोटो निघाले. सप्तपदीच्या फोटोत नवरीमुलीचा चेहरा पूर्ण वाहून गेला होता, उरला होता मेंदीचा हात आणि शालूचा काठ. द्यायला गेलो तेव्हा मी तो खाली ठेवला होता. त्यांनी नेमका तोच उचलला.

"हात माह्याच आईने रंगवला होता," म्हणाल्या. चेहऱ्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलावणं आलं. आंबील, कढी, पुरणपोळी, सोळा भाज्या. भिंतीला नवा रंग होता. दोरीवर पाहिलेल्या त्याच साड्या नेसून दोघी उभ्या होत्या, लाल साडीचा काठ जरा विरलेला. जेवणं आटोपल्यावर मी कॅमेरा काढला. काकूंनी मुलाला सज्ज्यावरून मुखवट्यांची रिकामी पेटी काढायला लावली. तिच्या तळाशी, जुन्या पातळात गुंडाळून, अल्बम होता.