ताई घरी असायची तेव्हा

ताई म्हणजे माझी आई, ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायिका. शिष्य तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणायला लागले आणि पुढे तेच राहिलं. ख्याल ऐकणारी माणसं अजूनही तिचं नाव कानाला हात लावून घेतात.

तिच्यावर स्मरणिका निघतेय, तिच्यासाठी माझ्याकडे लेख मागितला होता. तिच्या संतापाबद्दलचा मजकूर गाळून तो परत आला. सोबत निरोप, "मोठ्या कलावंतांचं असंच असतं, ते कशाला लिहायचं?" मी लेख मागे घेतला, तो विषय तिथेच संपला. पण "असंच असतं" हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. शेजारच्या काकू म्हणायच्या, मावशी म्हणायची, बाबा तर रोज म्हणायचे. मला ते पटत नाही. का पटत नाही ते एकदा नीट लिहायचं आहे.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, मराठी वस्तीच्या एका जुन्या गोठीत, म्हणजे मोहल्ल्यात. माडीवर मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी. ताई पहाटे खर्ज लावायची, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज करायची, पण त्याच्याही आधी तंबोरे लागायचे आणि ते बघायला मला फार आवडायचं. ग्वाल्हेरची थंडी अशी की रात्री लावलेल्या तारा सकाळी जागेवर नसायच्या. ती आधी खुंट्या बघायची, मग मणी सरकवायची, मग घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे. तार छेडायची, डोळे मिटून ऐकायची, पुन्हा दोरा. खर्जाच्या तारेतून गंधाराचा सूर आपसूक बोलायला लागेपर्यंत हे चालायचं. अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त. तार तुटली तर ती उठून नवी तार काढायची, तीही शांतपणे. त्या वेळात तिचा आवाज चढलेला मी कधीच ऐकला नाही.

आणि त्याच सकाळी, खाली दूध उतू गेलं म्हणून पातेलं अंगणात भिरकावलेलं असायचं. बाबा ते निमूटपणे उचलून आणायचे. माझ्या वह्या फाटल्या, मैत्रिणी दारातून परत गेल्या, कारण न सांगता आठवडा-आठवडा अबोला झाला.

म्हणजे धीर तिच्याकडे नव्हता असं नाही. भरपूर होता. तो कुणाच्या वाट्याला जायचा, एवढाच प्रश्न होता.

ग्वाल्हेरला तर या कडकपणाचं कौतुकच फार. या घराण्याचे जुने गवई हस्सू खाँ, त्यांची गोष्ट इथे गाणाऱ्यांच्या घरोघरी सांगतात. बडे मोहम्मद खाँ या दुसऱ्या गवयाशी चुरस लागली, हस्सू खाँनी छाती फाडणारी तान घेतली आणि तोंडातून रक्त आलं. हस्सू खाँचे आजोबा नत्थन पीरबख्श यांनी आपल्या वस्त्राने ते पुसलं आणि सांगितलं, मरायचंच असेल तर तान पुरी करून मर. दंतकथाच ती, पण ताईने ती मला सांगितली ती तानसेन समारोहाच्या रात्री, मी तापाने फणफणलेली असताना. तिच्या मागे तंबोऱ्यावर मलाच बसायचं होतं.

एरवी तो समारोह माझा अतिशय लाडका. ग्वाल्हेरच्या हजिरा भागात, सूफी संत मोहम्मद गौसांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची समाधी. १९२४पासून तिथे हा सोहळा होतो. सकाळी ढोलीबुवांची हरिकथा, तिथेच मुसलमानांचा मिलाद, आणि आम्ही मुलं गळा गोड व्हावा म्हणून चिंचेचा पाला चघळत फिरायचो. त्या रात्री मात्र शामियान्यात हुडहुडी भरली होती. ताईने गौड मल्हार गायला, पावसाळ्यातला राग. ऐन डिसेंबरात. आणि काय गायला! बंदिशीचे स्थायी-अंतरा दोन्ही पूर्ण, जशी या घराण्याची रीत. मग बहलावे, म्हणजे संथ आलापी फिरत, मग सरळ, मोकळ्या आकाराच्या ताना. माझी बोटं बधिर झाली होती, तरी मला समोरून ते ऐकावंसं वाटत होतं. नंतर एक गृहस्थ मला म्हणाले, "बेटी, तुम बड़ी भाग्यशाली हो." ते चुकीचं बोलले असं मी आजही म्हणणार नाही. फक्त त्या गाण्यासाठी माझा ताप लागत नव्हता. दुसरी शिष्या तिथे हजर होती, तिलाही तंबोरा येत होता.

एक गोष्ट ताईच्या बाजूनेही सांगायला हवी. बाहेरच्या जगात ती कडक होती ते बरोबरच होतं. बिदागी ठरल्याप्रमाणे हातात पडल्याशिवाय ती जागची हलायची नाही, पहाटेची वेळ देऊन ऐनवेळी दुपारी ढकलणाऱ्यांना ती सरळ नाही म्हणायची. हेच एखाद्या गवईबुवांनी केलं की लोक त्याला मानीपणा म्हणायचे आणि ताईला तुसडी. यात मी तिच्याच बाजूची आहे. पण आयोजकाशी भांडण आणि आठ वर्षांच्या पोरीशी अबोला, हे दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

माझी मुलगी आता गाणं शिकते, ताईच्याच एका शिष्येकडे. या बाई माधव संगीत महाविद्यालयात शिकल्या. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी उभ्या केलेल्या, १९१८ सालच्या त्या संस्थेतून त्या ताईकडे आल्या आणि तिची कितीतरी बोलणी त्यांनी खाल्ली. शिकवतात अगदी ताईसारखं. अंतरा आल्याशिवाय आलाप नाही, बोल तोंडात चावायचे नाहीत, समेवर येताना घाई नाही. परवा मुलीचा अल्हैया बिलावलचा अंतरा पुन्हापुन्हा निसटत होता. मी दाराशी उभी होते आणि सवयीने माझे खांदे आखडले. बाई म्हणाल्या, "असू दे, पाणी पिऊन ये. मग परत पहिल्यापासून." ती पाणी पिऊन आली आणि पुन्हा गायली. बंदिशीच्या मुखड्यावर उतरायची जागा ताईचीच होती, जशीच्या तशी.