विषाणू नसलेली लेन : आमची वाटचाल

आमचा पसारा छोटाच आहे. सेल कल्चरची एक खोली, उणे ८० अंशांचे दोन फ्रीझर, द्रव नायट्रोजनची टाकी आणि ब्लॉट करायचं एक लांब टेबल. ब्लॉट म्हणजे प्रत्येक नमुन्यातली प्रथिनं एकेका उभ्या रकान्यात, म्हणजे लेनमध्ये, वजनानुसार वेगळी करायची आणि अँटिबॉडीने ओळखायची. ओळखलेलं प्रथिन पट्टीसारखं दिसतं, तो बँड. हिपॅटायटिस सी विषाणूची (एचसीव्ही) प्रथिनं ओळखणाऱ्या अँटिबॉडी आम्ही इथे तयार करतो, त्याही फक्त संशोधनासाठी. आज आम्ही सहा जण आहोत. सुरुवातीला मी आणि माझी भागीदार, दोघंच होतो. हायब्रिडोमाचं, म्हणजे उंदराच्या पेशींपासून अँटिबॉडी देत राहणाऱ्या पेशी तयार करण्याचं, काम तिच्या हातात बसलेलं, आणि मी त्याआधी काही वर्षं याच विषाणूच्या प्रथिनांवर काम केलेलं.

आमचं काम सांगायला गेलं की एक गोंधळ हमखास होतो. रक्ततपासणीत जी ‘एचसीव्ही अँटिबॉडी’ शोधतात ती रुग्णाच्या शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली असते. आमच्या अँटिबॉडीचं काम उलट्या बाजूचं. पेशीत विषाणूचं अमुक प्रथिन आहे का, किती आहे आणि नेमकं कुठे बसलंय, हे ती दाखवते. रुग्णाच्या निदानासाठी ती वापरायची नाही. तशी विचारणा आली, तर आम्ही कुपी देत नाही.

हाच विषाणू का, असं लोक विचारतात. याचा शोधच मुळात अँटिबॉडीने लावला, हे मला विद्यार्थिदशेपासून विलक्षण वाटत आलंय. १९८९ पर्यंत या आजाराला नीट नावसुद्धा नव्हतं, ‘नॉन-ए, नॉन-बी’ एवढंच म्हणत. मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज क्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाधित चिंपांझीच्या रक्तद्रवातल्या जनुकीय तुकड्यांपासून असंख्य क्लोन, म्हणजे त्या तुकड्यांच्या प्रती, बनवले. त्यातलं कुठलं प्रथिन रुग्णाच्या सीरममधल्या अँटिबॉडी पकडतात, ते ते शोधत राहिले. एक क्लोन सापडला, आणि त्याचा धागा धरून अख्खा विषाणू हाती आला. विषाणू कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, तरी अँटिबॉडीला तो ठाऊक होता. पुढे २०२० चं नोबेल हार्वी ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळालं, त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत कोणाचंच कामात लक्ष नव्हतं.

या विषाणूचा आरएनए साधारण ९,६०० अक्षरांचा. त्यातून सुमारे ३,००० अमिनो आम्लांची एकच लांब साखळी बनते आणि तिचे तुकडे होऊन दहा प्रथिनं तयार होतात. आम्ही सुरुवात त्यातल्या कोअर आणि एनएस३ या दोन प्रथिनांपासून केली. कोअर हे विषाणूच्या कवचाचं प्रथिन. पेशीतल्या चरबीच्या थेंबांभोवती ते जमतं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक हिरव्या कड्या दिसतात. आमच्या पहिल्या कोअर क्लोनने (आमच्याकडे क्लोन म्हणजे एकच अँटिबॉडी बनवणारं पेशींचं कूळ) त्या कड्या दाखवल्या तेव्हा आम्ही दोघं अंधाऱ्या खोलीत बराच वेळ आळीपाळीने आयपीसला डोळे लावून बसलो होतो.

एनएस३ ने मात्र आम्हाला धडा दिला. एलायझात, म्हणजे प्लेटच्या खळग्यांत (वेलमध्ये) रंगावरून अँटिबॉडी चिकटल्याचं कळणाऱ्या चाचणीत, तो क्लोन उत्तम निघाला. आम्ल घातल्याबरोबर वेल गर्द पिवळा व्हायचा. शुद्ध प्रथिनाच्या ब्लॉटवर ७० किलोडाल्टनला, म्हणजे एनएस३ च्या वजनालाच, स्वच्छ बँड. आम्ही खुशीत कुप्या पाठवल्या. काही आठवड्यांनी एका संशोधक बाईंचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाल्या, “सर, तुमची एनएस३ आमच्या साध्या हूह-७ यकृतपेशींमध्येही बँड देतेय. त्या पेशींत विषाणू नाहीच. तुम्ही ही लेन चालवली होती का?”

चालवली नव्हती. आम्ही शुद्ध प्रथिनावर तपासलं होतं आणि विषाणूचं रेप्लिकॉन (पेशीत स्वतःच्या प्रती करत राहणारा विषाणूचा आरएनए) असलेल्या पेशींवर तपासलं होतं. विषाणू नसलेल्या पेशींची लेन घालायची राहिली, खरं तर तिची गरजच वाटली नाही. त्याच रात्री आम्ही ती चालवली. बाईंचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. अगदी त्याच वजनाचं पेशीचं स्वतःचं एक प्रथिन आमची अँटिबॉडी धरत होती, आणि रेप्लिकॉनच्या लेनमध्ये दोन्ही बँड एकावर एक बसून एकच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी कुपी घेतलेल्या प्रत्येकाला कळवलं. एका गटाने त्या ब्लॉटवर लेख लिहायला घेतला होता. त्यांना तीन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. माणसाचे तीन महिने कुपी बदलून देऊन भरून निघत नाहीत. हे मला आजही टोचतं.

तेव्हापासून आमची सगळी पद्धत त्या लेनभोवती फिरते. पुढे तिच्यात सुधारणाही केली. नुसत्या हूह-७ पेशी पुरत नाहीत, कारण रेप्लिकॉनच्या पेशी त्यांच्यापासून निवडून वाढवलेल्या असतात आणि तेवढ्यात थोड्या वेगळ्या होतात. म्हणून आम्ही त्याच रेप्लिकॉन पेशी औषध देऊन ‘बऱ्या’ करतो. पेशी तीच, विषाणू तेवढा गेलेला. प्रत्येक लॉटच्या माहितीपत्रकावर या दोन लेन शेजारी-शेजारी असतात आणि ब्लॉट वरपासून खालपर्यंत अख्खा छापलेला असतो. फक्त हव्या त्या बँडची पट्टी कापून दाखवण्याची पद्धत या व्यवसायात सर्रास आहे. मला ती पटत नाही. खाली कुठे फिकट बँड येत असेल तर तो घेणाऱ्याला दिसला पाहिजे.

चाळणीही बदलली. आम्ही प्रथिन ई. कोलाय या जिवाणूत बनवायचो, ते शुद्ध करणं सोपं जावं म्हणून त्याला हिस्टिडीनची शेपटी असायची, आणि क्लोन निवडायलाही तेच प्रथिन वापरायचो. मग उंदराने शेपटीविरुद्ध किंवा जिवाणूच्या उरल्यासुरल्या प्रथिनांविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडीही पास होतात. आता तीच शेपटी असलेलं पण विषाणूशी संबंध नसलेलं दुसरं प्रथिन शेजारच्या प्लेटमध्ये लावतो. तिथे वेल पिवळा झाला की तो क्लोन बाद. एका फ्यूजनमधून, म्हणजे उंदराच्या आणि सतत वाढणाऱ्या पेशी जोडायच्या एका खेपेतून, आलेल्या क्लोनपैकी बहुतेक असेच गळतात, आणि ते बघताना भागीदाराचा चेहरा उतरतो. पाच-सहा महिन्यांची मेहनत असते तिची.

जीनोटाइपचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय प्रकारांचा, प्रश्न वेगळाच. १९९९ मध्ये फोल्कर लोमान आणि राल्फ बार्टेनश्लागर यांच्या गटाने रेप्लिकॉन तयार केलं ते १बी प्रकाराचं होतं, आणि एनएस५ए या विषाणूच्या दुसऱ्या प्रथिनावरचा आमचा क्लोनही १बी वरच बेतलेला. पण २००५ पासून जेएफएच-१ हा २ए प्रकारचा विषाणू पूर्ण स्वरूपात पेशींमध्ये वाढवता येऊ लागला होता, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तोच होता. आमचा क्लोन त्याला अजिबात ओळखत नव्हता. दोन जीनोटाइपमध्ये जनुकीय अक्षरांचा जवळजवळ तीस टक्के फरक असतो, म्हटल्यावर त्यात नवल नव्हतं. मग २ए साठी वेगळा क्लोन केला. जिवंत विषाणूचं काम आमच्याकडे होत नाही. ती तपासणी आम्ही योग्य सोय असलेल्या प्रयोगशाळेतून करून घेतो. कुठली अँटिबॉडी कुठल्या जीनोटाइपवर चालते याचा तक्ता आता देतो आणि जे तपासलेलं नाही तिथे ‘तपासलेलं नाही’ असंच लिहितो.

ई२ हे विषाणूच्या बाहेरच्या आवरणावरचं प्रथिन, भरपूर साखरा लगडलेलं. जिवाणूत बनवलं तर त्या साखरा येत नाहीत, म्हणून ते आम्ही सस्तन पेशींत बनवतो. त्यावरची आमची सर्वांत चांगली अँटिबॉडी प्रथिनाची घडी ओळखते. सँपल उकळून ब्लॉट केला की घडी मोडते आणि बँड येत नाही. कुपी खराब आहे म्हणून ती दोनदा परत आली. आता लेबलवरच लिहिलंय की ही ब्लॉटसाठी नाही. याच ई२ च्या वेळी अझाइडची चूक लक्षात आली. टिकावी म्हणून सोडियम अझाइड घालायची आमची सवय होती. विषाणूला पेशीत शिरण्यापासून अँटिबॉडी रोखते का, हे पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या पेशीच मरायला लागल्या. अझाइड पेशींना विषारी, शिवाय चाचणीत रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमलाही बंद पाडतं. तेव्हापासून ई२ अझाइडशिवाय, निर्जंतुक गाळून देतो.

मध्ये एक काळ असा आला की लोक म्हणायचे, आता हा आजार बरा होतो, तुमचं गिऱ्हाईक संपलं. २०१३ मध्ये सोफोसबुव्हिर हे औषध आलं, मग एनएस५ए वर काम करणारी औषधं आली, आणि आज गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. याचा मला मनापासून आनंद आहे. मागणी काही काळ खरोखरच घटली. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने अजून सुमारे पाच कोटी लोक या विषाणूसह जगतायत, बऱ्या झालेल्यालाही पुन्हा लागण होऊ शकते आणि लस अजून नाही. लसीवर काम करणाऱ्यांना ई२ ची घडी ओळखणारी अँटिबॉडी लागतेच. आज आमच्याकडून सर्वांत जास्त जाते ती तीच.

जुन्या कोअर क्लोनने एकदा अँटिबॉडी द्यायचंच बंद केलं. गोठवलेल्या जुन्या कुपीतून तो परत मिळाला, पण आम्ही हादरलो होतो. आता प्रत्येक क्लोनच्या अँटिबॉडीचा जनुकीय क्रम काढून ठेवला आहे आणि कुप्या दोन वेगळ्या टाक्यांत आहेत.

यादीत पी७ समोरची जागा मात्र अजून मोकळी आहे. अवघं ६३ अमिनो आम्लांचं प्रथिन, बराचसा भाग पेशीच्या पटलात बुडालेला. अँटिबॉडीला धरायला त्याचं टोक जेमतेम बाहेर येतं. आतापर्यंत तीन फ्यूजन केली. पहिल्या दोनमधले सगळे क्लोन बऱ्या केलेल्या पेशींच्या लेनमध्येही बँड देत होते. तिसऱ्यातले चार क्लोन काल वाढवायला लावलेत. ब्लॉट सोमवारी.