इनोड, पाथ आणि मरायला तयार नसलेल्या फाइल्स

सध्या फ्यूजवर (कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, बाहेर फाइल सिस्टिम चालवायची सोय) एक छोटी फाइल सिस्टिम लिहितोय. डेटा सगळा एस३ मध्ये (अ‍ॅमेझॉनची क्लाउड साठवण), मेमरीत फक्त फाइल-फोल्डरचं झाड. आता या झाडाच्या हॅशमॅपला (कीवरून नोंद शोधून देणारा तक्ता) की कोणती द्यायची? एस३ मध्ये प्रत्येक ऑब्जेक्टची की पाथसारखीच दिसते, त्यामुळे हात आपोआप पाथकडे जातो. पण कुणी वरच्या फोल्डरचं नाव बदललं की खालच्या झाडून सगळ्या नोंदींच्या की बदलत बसा.

म्हणून मी इनोड नंबरच (प्रत्येक फाइल-फोल्डरचा ओळख क्रमांक) वापरतो. नोडमध्ये, म्हणजे झाडातल्या एका नोंदीत, स्वतःचं नाव आणि पालकाचा नंबर, डिरेक्टरीत नावावरून नंबर सांगणारा मॅप. रिनेम म्हणजे जुन्या पालकातून नोंद काढली, नव्यात घातली, संपलं. पाथ लागेल तेव्हा वर चढत जाऊन काढायचा. (हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलला आणखी एक नाव, मी देतच नाही, म्हणून एकच पालक चालतो.) एस३ मधली की मात्र नोडमध्ये वेगळी ठेवलीय. तिथल्या साध्या बकेटमध्ये (ऑब्जेक्ट ठेवायचा डबा) रिनेम नसतंच, एकेक ऑब्जेक्ट कॉपी करून जुना डिलीट करावा लागतो. ते काम मागे चालू असताना फाइलचं नाव नवं आणि की जुनी, अशी स्थिती बराच वेळ राहते.

नोड मेमरीतून कधी काढायचा, हा खरा किचकट भाग. कर्नलच्या प्रत्येक यशस्वी लुकअपला (नावावरून नोड शोधणं) त्या नोडचा काउंट एकने वाढतो, पण फरगेट (‘हा नोड आता विसरा’ असा कर्नलचा निरोप) येताना किती कमी करायचे तो आकडा सोबत आणतो. तो न वाचता एकच वजा केला तर नोड कायमचे साचत जातात. काउंट शून्य झाला तरी फाइल उघडी असेल किंवा एस३ वर न चढवलेला डेटा असेल, तर हात लावायचा नाही. उघडी फाइल कुणी डिलीट केली तर पालकाच्या मॅपमधून नाव जातं, नोड शेवटच्या क्लोजपर्यंत जगतो. नंबर पुन्हा वापरायचे नाहीत. ६४ बिटांचा काउंटर वाढवत न्यायचा, १ रूटसाठी राखून.

डिरेक्टरीत मला सगळ्यात आवडतो तो एक बूलियन (हो-नाही सांगणारी खूण): यादी पूर्ण आली का? एस३ एका वेळी जास्तीत जास्त १००० की देतं. शेवटचं पान आलेलं असेल तर ‘अशी फाइल नाही’ हे नेटवर्कवर न जाता सांगता येतं. कंपायलर हेडर शोधताना नसलेल्या फाइल्स किती विचारतात ते एकदा लॉगमध्ये बघाच! बाहेरून दुसरं कुणी बकेटमध्ये लिहीत असेल, तर या बूलियनला मुदत हवी.

न चढवलेल्या डेटासाठी ऑफसेटनुसार (फाइलमधल्या जागेनुसार) लावलेला बी-ट्री (क्रमाने नोंदी ठेवणारी रचना) पुरतो. मल्टिपार्टमध्ये, म्हणजे एस३ वर मोठी फाइल तुकड्यांनी चढवताना, शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमआयबीचा, तुकडे फार तर १०,०००, एवढं सांभाळायचं.

झाडाला एका वेळी एकाच थ्रेडला हात लावू देणारा लॉक सध्या एकच आहे, पण तो धरून नेटवर्क कॉल करायचा नाही. उत्तर येईपर्यंत नोड गेलेलाही असू शकतो, म्हणून पॉइंटर (नोडचा मेमरीतला पत्ता) जवळ न ठेवता नंबर ठेवतो आणि परतल्यावर मॅपमध्ये पुन्हा शोधतो.