तुम्ही विचारलंत म्हणून: तिकीट कितीला होतं?

‘हा बँड पंक आहे का हो?’ असं विचारत कोणीतरी मोबाइलवर गाणं लावतं आणि माझ्या कानाशी धरतं. पंक म्हणजे सत्तरच्या दशकात उसळलेलं वेगवान, बंडखोर रॉक संगीत. विचारणारे बहुतेक कॉलेजातले असतात. कधी त्यांचे आईवडीलही असतात, पण त्यांचा सूर वेगळा: ‘आमचा मुलगा पंक ऐकतो म्हणे, काळजीचं काही आहे का?’ त्यांना मी नाही म्हणून सांगतो आणि चहा घेतो. पोरांना मात्र उलट विचारतो, ‘शो कुठे होता? तिकीट कितीला होतं?’ ते वैतागतात. संगीताबद्दल विचारावं तर हा माणूस पैशांवर येतो. पण बँड पंक आहे की नाही, हे मला आवाजापेक्षा त्याच्या पैशांच्या हिशेबावरून कळतं. म्हणून एकदाचं सविस्तर सांगतो.

आधी सोपी उत्तरं बाजूला सारू. उभे रंगवलेले केस, सेफ्टी पिना, फाटकी जीन्स हे सगळं आता मॉलमध्ये मिळतं, त्यावर वेळ घालवायला नको. ‘वाजवता येत नाही तो पंक’ ही समजूत जास्त चिवट आहे. १९७७च्या जानेवारीत ‘साइडबर्न्स’ नावाच्या एका हौशी इंग्लिश पत्रिकेत गिटारच्या तीन कॉर्डांच्या (एकत्र वाजवायच्या सुरांच्या) आकृत्या छापल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं की आता बँड काढा. याचा अर्थ लोकांनी ‘तीनच्या पुढे जायचं नाही’ असा लावला. चौथी येईपर्यंत थांबू नका, एवढंच त्यात म्हटलं होतं. वॉशिंग्टनच्या बॅड ब्रेन्स या बँडचंच बघा. चौघे कृष्णवर्णीय तरुण, मुळात जॅझ-फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉकची अवघड सरमिसळ, वाजवणारे, महाविष्णू ऑर्केस्ट्रा ऐकून वाढलेले. हात इतके तयार की त्यांच्या वेगापुढे भल्याभल्या रॉक गिटारवाल्यांची दमछाक व्हावी. त्यांना पंक नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

मग सेक्स पिस्टल्स? पंक म्हटलं की या बँडचं नाव निघतंच. लंडनच्या किंग्ज रोडवरच्या कपड्यांच्या दुकानात हा बँड घडला, आणि दुकानाचा एक मालक माल्कम मॅक्लॅरन हाच त्यांचा मॅनेजर. १९७६च्या ऑक्टोबरमध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार, १९७७च्या मार्चमध्ये बकिंगहॅम राजवाड्याबाहेर टेबल मांडून ए अँड एमशी सही, आठवड्याभरात तोही करार रद्द, मग व्हर्जिन. गाणी जबरदस्त आहेत, आजही अंगावर येतात. पण हिशेब पाहिला तर कंपन्यांचे आगाऊ पैसे, मॅनेजरच्या ताब्यातला गल्ला आणि शेवटी १९८६पर्यंत चाललेली कोर्टबाजी. हा तर अगदी जुन्या रॉक धंद्याचाच जमाखर्च झाला.

पिस्टल्सची सगळ्यात पंक गोष्ट माझ्या मते त्यांच्या हातून नकळत घडली. ४ जून १९७६ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये ते वाजवायला आले. हॉल ठरवला होता हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या स्थानिक पोरांनी. प्रेक्षक चाळीसच्या आसपास. त्या दोघांनी स्वतःचा बँड काढला, बझकॉक्स. त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी त्यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून पाचेकशे पौंड उसने घेतले, स्टुडिओ भाड्याने घेऊन चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच कंपनीच्या नावाने, काढली. पहिल्या हजार प्रती. वेष्टनावर प्रत्येक गाण्याचा कितवा टेक (प्रयत्न) आणि त्यावर ध्वनिमुद्रणाचे किती थर चढवले ते छापलेलं. एका गाण्यातला गिटारचा सोलो तर फक्त दोन सुरांचा आहे, तेच दोन सूर पुन्हा पुन्हा. मला तो पाठ आहे, अर्थात त्यात काही मोठेपणा नाही.

तोपर्यंत तबकडी निघायची तर लंडनच्या कंपनीने बोलावल्यावर. मँचेस्टरच्या पोरांनी दाखवून दिलं की छपाईवाला पैसे देणाऱ्या कोणाचीही तबकडी छापतो. पुढच्या वर्षी स्क्रिटी पोलिटी या बँडने कमालच केली. पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर त्यांनी ध्वनिमुद्रण, मास्टर (छपाईसाठीची मूळ प्रत), छपाई, चिकटवायची लेबलं यांचा खर्च आकड्यांत लिहून टाकला. ज्याला हवं त्याने तो वाचावा आणि आपली तबकडी काढावी. धंद्यातलं गुपित उघड्यावर मांडणं यापेक्षा मोठी बंडखोरी मला त्या काळात दिसत नाही. पिस्टल्ससारखं टीव्हीवर शिव्या देणं त्यामानाने सोपं होतं.

आता क्लॅश, लंडनचा दुसरा गाजलेला पंक बँड. ‘स्पायरल स्क्रॅच’ निघाली त्याच महिन्यात त्यांनी सीबीएस या बड्या कंपनीशी लाखभर पौंडांचा करार केला. ‘स्निफिन ग्लू’ ही पंक पत्रिका काढणारा मार्क पेरी तेव्हा म्हणाला की पंक त्या दिवशीच मेला. मी इतका कडक नाही. याच क्लॅशने १९८०मध्ये तीन तबकड्यांचा ‘सॅन्डिनिस्टा!’ जवळपास एका तबकडीच्या किमतीत विकायला लावला आणि त्यासाठी ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरचं मानधन सोडलं. करार केलेला बँडही, स्वतःच्या खिशाला चाट बसवून का होईना, किमतीवर भांडू शकतो.

पण मला तिकिटाचा हा प्रश्न विचारायला शिकवलं ते वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने. त्या गोष्टीची सुरुवात १९८०मध्ये होते. टीन आयडल्स नावाचा शाळकरी पोरांचा बँड फुटला तेव्हा त्यांच्याकडे कार्यक्रमांचे साठवलेले सहाएकशे डॉलर होते. वाटून घेण्याऐवजी त्यांनी मागे राहिलेल्या गाण्यांची तबकडी काढायचं ठरवलं. त्यासाठी त्यांच्यातल्या इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी डिस्कॉर्ड हे लेबल सुरू केलं. वेष्टनं छापून आणली, पण ती कात्रीने कापायची, घडी घालायची आणि गोंदाने चिकटवायची हे सगळं मित्रमंडळी घरी बसून करायची. डिस्कॉर्डने वॉशिंग्टनचेच बँड घेतले, लेखी करार केले नाहीत, आणि खर्च वजा जाता नफा बँडबरोबर वाटून घेतला. हे लेबल अजून चालू आहे.

मॅकायने १९८७मध्ये जो फुगाझी सुरू केला त्याचे नियम साधे होते. तिकीट पाच डॉलरच्या आसपास. कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश. टी-शर्ट विकायचे नाहीत. प्रेक्षकांत कोणी दुसऱ्याला मारू लागलं तर गाणं थांबवायचं, त्याला बाहेर काढायचं, आणि जाताना पाच डॉलर पाकिटात घालून परत द्यायचे. त्यासाठी नोटा घातलेली पाकिटं तयार असायची. मला त्यांच्या कुठल्याही गाण्याइतकंच हे पाकीट आवडतं. तू तिकीट काढलंस म्हणून इथे काहीही करायचा हक्क मिळवलास, असं तुला वाटतंय ना? घे तुझे पैसे.

पाच डॉलरमध्ये भागायचं कसं, हा खरा अभ्यासाचा भाग. मॅनेजर नाही, म्हणून त्याची टक्केवारी नाही. दौऱ्याचे फोन मॅकाय स्वतः करायचा, म्हणून एजंट नाही. प्रवास व्हॅनमधून, सामान उचलणारे स्वतःच. म्हणजे तिकिटाची किंमत हा त्यांच्या बाबतीत शेवटी उरणारा आकडा नव्हता. आधी पाच डॉलर ठरवले आणि बाकीचं आयुष्य त्यात बसवलं. १९९३मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्स या बड्या कंपनीचे अहमेत एर्तेगुन स्वतः त्यांना भेटायला आले. रे चार्ल्स आणि लेड झेपेलिन यांच्या तबकड्या काढणारा माणूस! फुगाझीने नम्रपणे नाही म्हटलं. आणि हे सगळं करूनही गाणी रटाळ नाहीत, हे सांगायलाच हवं. कारण हिशेब चोख आणि संगीत भिकार असे बँडही पुष्कळ आहेत. फुगाझीची बेस गिटार तर जमैकाच्या रेगे संगीताच्या चालीने डुलत येते. ऐकून ‘हा पंक?’ असंच आधी वाटतं.

‘म्हणजे तुम्ही सोवळं पाळता,’ असा आरोप माझ्यावर होतो. काही अंशी खरा आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या स्वयंसेवकांनी चालवलेल्या जागेचा नियम होता: बड्या कंपनीशी करार केलेल्या बँडला इथे वाजवता येणार नाही. ग्रीन डे हा बँड तिथेच वाढला आणि १९९३मध्ये करार केल्यावर तिथून बाहेर पडला. माझ्या पिढीला पंक भेटला तोच मुळी टीव्हीवरच्या ग्रीन डेमधून, त्यामुळे त्यांना नावं ठेवताना जीभ अडखळते. नियम मात्र मला चुकीचा वाटत नाही. आपली जागा कोणासाठी ठेवायची हे ती चालवणाऱ्यांनी ठरवावं. २०१५मध्ये ओकलंडला आग लागून एका प्रकाशनसंस्थेचं आणि छापखान्याचं नुकसान झालं, तेव्हा मदतनिधीसाठी ग्रीन डे पुन्हा गिलमनमध्ये वाजवायला आला, आणि त्यांना वाजवू दिलं. मॅकायच्याच जुन्या मायनर थ्रेट बँडचे टी-शर्ट २०१३मध्ये एका अमेरिकन साखळी दुकानात २८ डॉलरला रीतसर विकले जात होते. किंमत मूर्खपणाची आहे, हे त्यानेही मान्य केलं. पण नकली टी-शर्टवाल्यांच्या मागे धावण्यात आयुष्य घालवायचं नाही, म्हणून दुसऱ्याला परवाना देऊन तो मोकळा झाला होता. सोवळ्यात एवढी सवलत बसते.

गाण्यातल्या शब्दांचं काय, असंही विचारतात. शब्द महत्त्वाचे आहेतच. जानेवारी १९७८मध्ये मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या की परक्या संस्कृतीच्या लोकांमुळे आपण बुडून जाऊ अशी भीती ब्रिटिश जनतेला वाटते. वर्षभराने दक्षिण लंडनमध्ये तीन पाकिस्तानी वंशाची पोरं आणि एक गोरा मित्र यांनी बँड काढला आणि त्या वाक्याला टोमणा म्हणून त्याचं नाव ठेवलं एलियन कल्चर, म्हणजे परकी संस्कृती. १९८०ची त्यांची एकुलती एक तबकडी आशियाई तरुणांच्या कोंडीबद्दल आहे, आणि ठरवून केलेल्या लग्नांवरही त्यांचं गाणं होतं. बाहेरच्या वंशद्वेषावर बोलत असतानाच घरातल्या सक्तीलाही सोडायचं नाही, हे किती अवघड असतं ते आपल्याकडच्या कोणाला समजावून सांगायला नको.

‘आपल्याकडचा पंक कोण?’ याचं उत्तर म्हणून कोणी सायक्लोस्टाइल केलेल्या अनियतकालिकांचं आणि दलित पँथरचं नाव घेतलं की मी हात जोडतो. पँथर १९७२ची, न्यूयॉर्कचा पंक बँड रामोन्स जमला १९७४ला. मग पँथरला न्यूयॉर्कच्या मापाने कशाला मोजायचं? मुंबईत रायट पेडलर्ससारखे खरेखुरे पंक बँड झालेत, त्यांच्याबद्दल बोलू.

आणि त्यांच्यापुढची अडचण अगदी जमिनीवरची आहे. १९८०मध्ये टीन आयडल्सची पोरं सॅन फ्रान्सिस्कोच्या मबुहाय गार्डन्स या क्लबमध्ये वाजवायला गेली, तेव्हा वय कमी म्हणून त्यांच्या हातांवर मोठा काळा फुलीचा शिक्का आला: यांना दारू देऊ नये. घरी परतून त्यांनी आपल्या गावातल्या क्लबना तीच युक्ती सुचवली. फुली काढा, दारू देऊ नका, पण गाणं ऐकू द्या. त्यांच्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर फुली काढलेले हातच आहेत. आपल्याकडे बँडला स्टेज मिळतं ते बहुतेक पबमध्ये. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, त्यामुळे दारावरच ओळखपत्र मागतात. परिणामी एकोणीस वर्षांचा ड्रमर आत वाजवतोय आणि त्याच्या वर्गातली मुलं बाहेर रिक्षा स्टँडवर उभी. ज्या वयात हे संगीत सगळ्यात जास्त लागतं त्याच वयाला दार बंद.

म्हणून बँड काढणाऱ्या पोरांना मी एकच व्यावहारिक सल्ला देतो. चातुर्मासात मुहूर्त नसतात, मंगल कार्यालयं रिकामी पडलेली असतात आणि भाड्यात घासाघीस करता येते. तिथे बार नाही, म्हणजे चौदा वर्षांची मुलगीही आत येऊ शकते, हवं तर आईला घेऊन. आवाजाची परवानगी आधी काढा, खुर्च्या भिंतीला लावा, खर्च मोजा आणि मग तिकीट ठरवा. रात्री दहाला स्पीकर बंद करावे लागतील, पण त्याची चिंता नको. तुमची गाणी दोन-दोन मिनिटांचीच आहेत.